बडोद्यातील स्थलांतर सेवा: सामानासाठी उत्तम, कागदपत्रांसाठी महाग

परदेशातील विद्यापीठात नेमणूक मिळाल्यावर कुटुंबासह तिकडे बिऱ्हाड हलवण्यासाठी बडोद्यात ज्या व्यावसायिक सेवा मिळतात, त्यांपैकी एका सेवेचे हे परीक्षण आहे. कार्यालय अलकापुरीत, गोदाम मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आणि जाहिरात अशी की व्हिसापासून वरवंट्यापर्यंत सगळी जबाबदारी आमची. मी, माझे पती आणि प्राथमिक शाळेत शिकणारी मुलगी असे आम्ही तिघे ग्लासगोला आलो ते माझ्या नोकरीमुळे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि नेमणूक तूर्त तीन वर्षांची आहे. या संस्थेकडून आम्ही दोन्ही प्रकारची सेवा घेतली, व्हिसाच्या कागदपत्रांची आणि घरसामान बांधून पाठवण्याची. दोन्हींचा दर्जा इतका वेगळा निघाला की ती एकाच पावतीपुस्तकावर कशी चालतात याचे नवल वाटावे. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण कागदपत्रांबाबतचे जे दोष पुढे सांगणार आहे ते त्या एका कार्यालयापुरते नसून व्यवसायाच्या घडणीतूनच आलेले आहेत, असे माझे मत झाले आहे.

ती घडण थोडी समजून घेतली पाहिजे. बडोद्याहून शिक्षणासाठी परदेशी जाण्याची वाट जुनी आहे. सयाजीराव महाराजांच्या संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. आज त्या वाटेवर सल्लागारांच्या पाट्या लागल्या आहेत आणि त्यांच्याकडे येणारे बहुतेक गिऱ्हाईक म्हणजे पदव्युत्तर शिक्षणासाठी निघालेली विशी-बाविशीतली मुले असतात. त्यामुळे या कार्यालयांतील फायली, तपासणीच्या याद्या आणि कर्मचाऱ्यांच्या समजुती सगळ्या विद्यार्थी-व्हिसाच्या मापाने बेतलेल्या आहेत. नोकरीवर जाणारा, पदरी जोडीदार आणि मूल असलेला, मागे म्हातारी माणसे ठेवून निघालेला अध्यापक त्या मापात बसत नाही. पण ‘आमच्याकडे हे काम होत नाही’ असे सांगणारा सल्लागार मला तरी भेटला नाही.

पहिल्याच बैठकीत मला सांगण्यात आले की बँकेत पुरेशी रक्कम सलग अठ्ठावीस दिवस पडून असली पाहिजे, तेव्हा मुदतठेवी आताच मोडून बचत खात्यात आणा. कुशल कामगार व्हिसासाठी अशी अट आहे खरी: अर्जदारासाठी १,२७० पौंड, जोडीदारासाठी २८५ आणि पहिल्या मुलासाठी ३१५. पण नोकरी देणारी संस्था मान्यताप्राप्त प्रायोजक असेल आणि तिने आपल्या प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्रात पहिल्या महिन्याच्या निर्वाहाची हमी दिली असेल, तर ही शिल्लक दाखवावी लागत नाही. माझ्या प्रमाणपत्रात ती हमी स्पष्ट होती आणि ते प्रमाणपत्र त्या वेळी सल्लागाराच्या टेबलावरच पडलेले होते. इंग्रजीच्या बाबतीतही तेच झाले. परीक्षेचा क्लास त्यांच्याच वरच्या मजल्यावर चालत असल्याने आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला पर्याय असतो ही गोष्ट कोणी उच्चारली नाही; वास्तविक इंग्रजी माध्यमातून घेतलेली पदवी ‘एक्टिस’ या संस्थेकडून प्रमाणित करून घेतली की परीक्षा द्यावी लागत नाही. काही विज्ञानशाखांतील संशोधकांना व्हिसाच्या आधी ‘एटास’ नावाची मंजुरी घ्यावी लागते आणि तिला शुल्क नसते, ही माहितीही मला विद्यापीठाच्या मनुष्यबळ विभागाकडून मिळाली, सल्लागाराकडून नव्हे.

सर्वांत मोठी रक्कम मात्र त्यांनी दुसऱ्या बैठकीपर्यंत सांगितलीच नाही. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्याला आरोग्य अधिभार भरावा लागतो, आणि तो वर्षावर्षाला नव्हे तर व्हिसाच्या संपूर्ण मुदतीसाठी अर्ज करतानाच एकरकमी भरावा लागतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी तो दरसाल १,०३५ पौंड आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी ७७६ पौंड आहे. तीन वर्षांसाठी दोन प्रौढ आणि एक मूल धरले तर ८,५३८ पौंड होतात. व्हिसाचे शुल्क वेगळे, आणि अनेक विद्यापीठे फक्त कर्मचाऱ्याचा खर्च देतात, कुटुंबाचा नाही. एकट्याने जाणाऱ्या विद्यार्थ्याला हा आकडा पेलतो. कुटुंब नेणाऱ्याचे सारे नियोजन याच आकड्यावर उभे राहते किंवा कोसळते. नेमणुकीचे पत्र हाती येताच विद्यापीठाला विचारावयाचा पहिला प्रश्न हाच असला पाहिजे: अवलंबितांचा अधिभार कोण भरणार, आणि तुम्ही भरणार नसाल तर बिनव्याजी आगाऊ रक्कम देता का? काही ठिकाणी ती देतात. ज्याला स्थलांतराचा सल्ला विकायचा आहे त्याने हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या तोंडी घालून द्यायला हवा होता.

याहून अधिक खटकली ती एक सहज फेकलेली थाप. सासूबाई दांडिया बाजारातील जुन्या घरात एकट्या राहणार, याची काळजी आम्हा दोघांच्या बोलण्यातून दिसत होती. ती हेरून व्यवस्थापक म्हणाले, “बांचं पण करून देऊ, थोडं थांबा, सहा महिन्यांनी फाइल टाकू.” या व्हिसावर अवलंबित म्हणून फक्त जोडीदार आणि अठरा वर्षांखालील मुले नेता येतात, आईवडिलांना त्यात स्थान नाही, ते फार तर पर्यटक म्हणून येऊ शकतात आणि सामान्यतः एका वेळी सहा महिन्यांपेक्षा जास्त राहू शकत नाहीत. जे होणारच नाही त्याची आशा लावणे हा माहितीतला कमीपणा नव्हे, ते गिऱ्हाईक धरून ठेवण्याचे तंत्र आहे आणि त्याबद्दल मी या सेवेला माफ केलेले नाही. सासूबाई स्वतः मात्र शांतपणे म्हणाल्या की मला कुठेही यायचे नाही, तुम्ही उगाच फाइल टाकू नका.

अपोस्टिलबद्दल, म्हणजे आपला कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर घेतल्या जाणाऱ्या सरकारी प्रमाणीकरणाबद्दल, थोडे सविस्तर लिहिते, कारण बडोद्यातील बहुतेक कुटुंबांचे पैसे इथेच जातात. भारत २००५ पासून हेग येथील अपोस्टिल करारात सामील आहे आणि परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिलचे मूळ शुल्क कागदामागे ५० रुपये आहे. त्याच्या आधी राज्य शासनाकडून प्रमाणीकरण करून घ्यावे लागते, त्यात धावपळ असते, म्हणून मध्यस्थाने काही शुल्क घेणे समजण्यासारखे आहे. पण आमच्यापुढे ठेवलेल्या यादीत माझ्या आणि पतींच्या प्रत्येक गुणपत्रिकेचे, मुलीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकाचे आणि लसीकरणाच्या नोंदीचेसुद्धा अपोस्टिल होते, आणि प्रत्येक कागदाचा दर हजारांत होता. या व्हिसासाठी त्यांपैकी एकाचीही गरज नव्हती. विद्यापीठाला मूळ पदवी प्रमाणपत्र पाहायचे होते, ते मी रुजू होताना दाखवले. ग्लासगोत सरकारी शाळेचा प्रवेश घराच्या पत्त्यावर ठरतो आणि शाळा विनामूल्य असते. त्यासाठी लागतो तो मुलीचा जन्मदाखला आणि राहत्या घराचा पुरावा. ‘शाळा-प्रवेश साहाय्य’ या नावाने आणखी एक रक्कम यादीत होती, ती मी तिथल्या तिथे खोडली. यादीच्या तळाशी ‘बीआरपी कार्ड मिळवून देणे’ असेही छापलेले होते. ब्रिटनमधील वास्तव्याच्या परवान्याचे ते कार्ड २०२४ च्या अखेरीस इतिहासजमा झाले आणि त्याच्या जागी ऑनलाइन ई-व्हिसा आला, ही गोष्ट छापखान्यापर्यंत पोहोचली नव्हती.

कागदपत्रांच्या या सबंध पॅकेजमध्ये एकच भाग पैशाला जागला, तो म्हणजे भाषांतर, आणि त्याचे श्रेय कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांना आहे. गुजरातेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांची कागदपत्रे हा एक स्वतंत्र विषय आहे. आमचा विवाह नोंदणीचा दाखला गुजरातीत; त्यात माझ्या नावापुढे कारकुनाने सवयीने ‘बेन’ आणि पतींच्या नावापुढे ‘भाई’ जोडलेले. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टात क्रम उलटा. ‘कुलकर्णी’ या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग पतींच्या पासपोर्टात एक आणि मुलीच्या जन्मदाखल्यात दुसरे. परदेशातला अधिकारी हे सारे वाचतो तेव्हा त्याला एका कुटुंबात पाच माणसे दिसण्याची शक्यता असते. या गृहस्थांनी भाषांतर करताना ‘बेन’ आणि ‘भाई’ काढून टाकले नाहीत, कारण मूळ कागदात जे आहे ते भाषांतरात आलेच पाहिजे. त्याऐवजी ही आदरार्थी जोड असून नावाचा भाग नाही, अशी टीप त्यांनी खाली दिली. स्पेलिंगच्या फरकासाठी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून घेण्यास सुचवले आणि त्याचा मसुदाही स्वतःच लिहून दिला. ब्रिटिश नियमांनुसार भाषांतर अचूक असल्याचे विधान, तारीख, भाषांतरकाराचे नाव, सही आणि संपर्काचा तपशील असावा लागतो. त्यांच्या प्रत्येक पानावर हे सर्व होते. पॅकेजसाठी आम्ही मोजलेल्या साठ हजार रुपयांपैकी या गृहस्थांच्या वाट्याला किती आले असतील याचा अंदाज न केलेलाच बरा.

क्षयरोग चाचणी आणि बोटांचे ठसे यांसाठी आम्ही अहमदाबादेला गेलो. संस्थेने वेळ ठरवून दिली होती, गाडीही दिली होती, आणि त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. लहान मुलांचा सहसा एक्स-रे काढत नाहीत हे ड्रायव्हरला माहीत होते, कार्यालयाला नव्हते.

आता सामानाकडे वळते, आणि इथे सूर बदलणे भाग आहे.

मोजणीसाठी घरी आलेला माणूस आधी काही न बोलता सगळ्या खोल्यांतून फिरला. फोनवरून चित्रफीत पाहून अंदाज देणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीने सात घनमीटर सांगितले होते. याने प्रत्येक वस्तूला हात लावत पाच सांगितले आणि प्रत्यक्षात ते थोडे कमीच भरले. जहाजाने पाठवायच्या थोड्या सामानाचा दर वजनावर नव्हे तर आकारमानावर असतो, कारण पूर्ण कंटेनर आपला नसतो, त्यातली जागा आपण भाड्याने घेतो. म्हणून पुस्तकांसारख्या जड पण आटोपशीर वस्तू जहाजाने पाठवणे फायद्याचे आणि गाद्या, उश्या, रजया पाठवणे तोट्याचे. विमानाने पाठवायचे असेल तर लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला सहा हजारांनी भागायचे. येणारा आकडा खऱ्या वजनाहून मोठा असेल तर त्यावर पैसे आकारतात. हे गणित त्या माणसाने आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्राच्या कडेला मांडून दाखवले आणि माझ्या पतींना, जे हिशेबाच्याच व्यवसायात आहेत, ते मनापासून पटले. गोधड्या हवा काढलेल्या पिशव्यांत घालण्याचा सल्लाही त्याचाच. ब्रिटनमध्ये बहुतेक भाड्याच्या सदनिकांत पलंग-कपाटे असतात, तेव्हा फर्निचर नेऊ नका, असे सांगून त्याने स्वतःच्या कंपनीचे उत्पन्न कमी केले. असा विक्रेता विरळा.

बांधणीच्या दिवशी आलेल्या चमूचा मुकादम नंदुरबारकडचा होता. आमच्या देव्हाऱ्यापाशी येऊन त्याने चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि मग बाळकृष्णाच्या मागे लावलेल्या पिसाकडे बोट दाखवून म्हणाला, “ताई, मोरपीस काढून ठेवा. कस्टमवाले पेटी उघडतील.” मोराच्या पिसांच्या निर्यातीवर भारतात बंदी आहे, आणि अशा एका पिसापायी सगळे सामान अडून पडू शकते. त्यानंतर त्याने पितळेच्या मूर्ती एकेक हातात घेऊन वय विचारले. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत अशी एखादी तरी वस्तू निघतेच. आमच्याकडे पतींच्या पणजोबांच्या हातची पोथी निघाली. ती कपड्यांच्या पेटीत आधीच घातली गेली होती. मुकादमाने ती बाहेर काढून सासूबाईंच्या हाती दिली आणि यादीतली ओळ खोडून तिथे माझी सही घेतली. कागदपत्रांच्या विभागात जी दक्षता मला शोधूनही सापडली नाही ती इथे न मागता मिळत होती.

त्यांच्या कौशल्याची खरी कसोटी तंबोऱ्याने घेतली. तो मिरजेचा आहे, सासूबाईंनी नातीला दिलेला, आणि तो नेऊ नये असे आम्हाला बहुतेकांनी सांगितले होते. मुकादमाने आधी तारा सैल केल्या, पण पूर्ण उतरवल्या नाहीत, कारण ताण एकदम गेला तर दांडी वाकण्याचा धोका असतो असे त्याचे म्हणणे. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी काढून मऊ कापडात गुंडाळली आणि त्या पुरचुंडीवर नाव घातले. भोपळ्याच्या गोलाईला टेकेल असा फोमचा ठोकळा चाकूने कोरला, दोनदा बसवून पाहिला, पुन्हा थोडा तासला. दमटपणा शोषणाऱ्या पुड्या घातल्या. मग सुताराने बाहेरची पेटी ठोकली, ती कच्च्या फळ्यांची नव्हे, तर उष्णता-प्रक्रिया केलेल्या आणि तसा शिक्का असलेल्या लाकडाची. आंतरराष्ट्रीय नियमानुसार वेष्टनाच्या लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसवर किमान तीस मिनिटे तापवलेला असावा लागतो, म्हणजे त्यातून कीड परदेशी जात नाही; शिक्का नसलेली पेटी बंदरावर अडवली जाऊ शकते. स्वस्त दर देणारे नेमकी इथे काटकसर करतात, तेव्हा पेटीवरचा शिक्का स्वतः पाहावा. तंबोरा ग्लासगोत पेटीतून निघाला तेव्हा सुरात अर्थातच नव्हता, पण त्याच्यावर साधा ओरखडाही नव्हता.

सामानाची यादी त्यांनी नीट केली, हेही महत्त्वाचे. ब्रिटनमध्ये राहायला येणाऱ्याला वापरलेल्या घरसामानावर सीमाशुल्क आणि व्हॅट यांतून सवलत मिळते, मात्र त्यासाठी आधी तिथल्या महसूल खात्याकडे ऑनलाइन अर्ज करून क्रमांक घ्यावा लागतो. अर्जदार सलग बारा महिने ब्रिटनबाहेर राहिलेला असावा, वस्तू किमान सहा महिने त्याच्या मालकीच्या आणि वापरातल्या असाव्यात, आणि आणल्यावर बारा महिने त्या विकू नयेत. जाण्याच्या उत्साहात नवा मिक्सर, नवी भांडी, नव्या साड्या घेणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. नवी वस्तू सवलतीत बसत नाही. जुना मिक्सर इथे चालतो, कारण विजेचा दाब जवळपास सारखाच आहे, फक्त प्लग बदलावा लागतो. अॅल्युमिनियमचा कुकर मात्र इंडक्शनच्या शेगडीवर निरुपयोगी ठरतो, आणि तूप, खवा, पेढे यांसारखे दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये आणताच येत नाहीत. खाद्यपदार्थ सामानात घालू नका, असे मुकादमाने एकदाच पण निक्षून सांगितले. गोडा मसाला आणि लीलो चिवडा आम्ही विमानात बरोबर आणला.

प्रवास आणि त्यानंतरचे हिशेब यांत पुन्हा कार्यालयाचा हात लागला आणि दर्जा घसरला. त्यांनी सहा आठवडे सांगितले होते. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून बऱ्याच कंपन्यांची जहाजे सुएझ टाळून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, आणि शिवाय भागीदारीतला कंटेनर भरेपर्यंत माल गोदामात थांबतो. सामान आले तेव्हा तिसरा महिना सरत होता. उशिराबद्दल मी कोणाला दोष देत नाही, जुनीच मुदत सांगत राहण्याबद्दल देते. कंत्राटात ‘दारापासून दारापर्यंत’ असे ठळक अक्षरांत होते. ब्रिटनमधील बंदरावरची हाताळणी आणि जकात सोडवणूक यांचा खर्च त्यात धरलेला नाही, ही ओळ मागच्या पानावर होती. त्यांच्या तिथल्या भागीदाराने सुमारे चारशे पौंड घेतल्याखेरीज माल सोडला नाही. त्यावर जिन्याचे वेगळे पैसे झाले. ग्लासगोच्या जुन्या वालुकाश्मी टेनमेंट, म्हणजे अनेक बिऱ्हाडांच्या बहुमजली, इमारतींना सहसा लिफ्ट नसते, आणि आमचे घर वरच्या मजल्यावर आहे. कुठल्या मजल्यावर राहणार हे त्यांनी आधी विचारलेच नव्हते. घर ठरले नसेल तर निदान जिन्याचा दर लेखी मागून घ्यावा.

विम्याचा दावा तुलनेने सरळ झाला. देव्हाऱ्याचा एक पाय मोडला होता. बांधणी त्यांची असल्याने भरपाई मिळाली. लोणच्याची चिनी मातीची बरणी फुटली होती, पण ती आम्ही स्वतः बांधली होती, आणि मालकाने बांधलेल्या खोक्यातील फुटतूट विम्यात येत नाही, तेव्हा तिचे काही मिळाले नाही. विमा घेताना सामानाची किंमत कमी लावून हप्ता वाचवण्याचा मोह होतो. तो टाळावा, निम्मी किंमत लावली असेल तर नुकसानीचीही निम्मीच भरपाई मिळते, असा हिशेब या विम्यात असतो.

राहिला बिलाचा विषय. कंपनीतर्फे जाणाऱ्यांचे सामान कंपनीचे लोक परस्पर हलवतात. विद्यापीठे बहुधा तसे करत नाहीत, ती ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च परत देतात, आणि तोही पावत्या दाखवल्यावर. ब्रिटनमध्ये स्थलांतराच्या पात्र खर्चापोटी मालकाने दिलेल्या ८,००० पौंडांपर्यंतच्या रकमेवर कर्मचाऱ्याला कर नाही, म्हणून हिशेब विभाग प्रत्येक बाब वेगळी, तारखेसह आणि कर्मचाऱ्याच्याच नावाने मागतो. अलकापुरीतल्या कार्यालयाने सर्व रकमा एकत्र करून एका ओळीचे बिल दिले, आणि तेही माझ्या पतींच्या नावाने. नोकरी माझी, व्हिसाची मुख्य अर्जदार मी, पैसेही माझ्या खात्यातून गेलेले. पण पहिल्या बैठकीपासून सगळे प्रश्न ‘साहेबां’ना विचारले जात होते आणि चहा विचारण्यापुरते माझ्याकडे वळले जात होते, त्याचेच हे छापील रूप. विद्यापीठाने ते बिल परत पाठवले. बऱ्याच तगाद्यानंतर माझ्या नावाचे, बाबनिहाय बिल आले. त्यात बांधणी, लाकडी पेटी, जहाजभाडे, विमा हे सारे चोख होते आणि त्याची रक्कम मला परत मिळाली. त्याच बिलात ‘गुणपत्रिकांचे अपोस्टिल’ अशीही एक ओळ होती. आम्ही न घेतलेल्या त्या सेवेचे पैसे परत मागण्याचा पत्रव्यवहार अजून चालू आहे, आणि उत्तरे अजूनही साहेबांच्या नावानेच येत आहेत.